पायलट मेडिकल : ईसीजीवर ‘बॉर्डरलाइन’ छापून आलंय, आता पुढे काय?

चांदूरची_ताई

नमस्कार. हा धागा आरोग्य विभागात टाकू की करिअर विभागात ते कळलं नाही, म्हणून इथेच टाकते. ॲडमिनना वाटलं तर हलवावा.

माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा आहे. पायलट व्हायचं म्हणूनच बारावीला फिजिक्स-मॅथ्स घेतलं. आमचं गाव चांदूर रेल्वे तालुक्यात, कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर. २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हापासून तर घरात दुसरा विषयच नाही. सीपीएलचा (व्यावसायिक पायलट लायसन्सचा) खर्च पन्नास लाखांच्या घरात सांगतात, बँक तारण मागते, म्हणून बाबांनी नाल्याकडचं वावर विकायची बोलणी सुरू केली आहेत.

मागच्या आठवड्यात त्याचं क्लास टू मेडिकल (शिकाऊ पायलटची तपासणी) झालं. डोळे, कान, रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे सगळं ठीक. ईसीजीच्या कागदावर मात्र मशीननेच वर छापलंय : सायनस ऱ्हिदम, आरएसआर पॅटर्न इन व्ही-वन, बॉर्डरलाइन ईसीजी. डॉक्टरांनी ‘ईसीजी पुन्हा काढा, इको (हृदयाची सोनोग्राफी) करा, हृदयरोगतज्ज्ञांचं मत आणा’ एवढं लिहून दिलं. बाहेर गर्दी होती, जास्त काही बोलले नाहीत.

पोरगा रोज सकाळी मित्रांसोबत पोलीस भरतीच्या ग्राउंडवर धावतो. छातीत दुखणं नाही, चक्कर नाही. पण कागद आल्यापासून जेवण सुटलंय. दिवसभर मोबाइलवर तेच वाचतो आणि स्वतःची नाडी मोजत बसतो. आई म्हणते दृष्ट लागली. आमचे आजोबा सत्तरीत हृदयविकाराने गेले, त्यामुळे बाबांच्या मनातही पाल चुकचुकली आहे. ते मला विचारतात, इसार घ्यायचा की नाही?

हे खरंच हृदयाचं दुखणं असतं का? आणि यावर पायलटचा विषय संपतो का?

वावरवाला_दारव्हा

ताई, बाकीचं डॉक्टर लोक सांगतीन. मी येकच सांगतो, इसार घेऊ नोका. मेडिकल पुरं झाल्याबिगर वावराले हात लावू नोका. आमच्या इकडं एकानं पोट्ट्याची फी आंधी भरली अन् मेडिकल मांगून केलं. त्याले रंग ओळखाचा फॉल्ट निंघाला. वावर बी गेलं अन् फी वापस द्याले ते लोक तयार नाईत.

अन् पोट्ट्याले म्हना नाडी मोजनं सोड. मोजत बसलं का ते वाढतेच.

ईसीजीवाला_मोर्शी

ताई, मी ईसीजी टेक्निशियन आहे, तालुक्याच्या ठिकाणी. निदान करणं माझं काम नाही. पण कागद कसा निघतो ते सांगतो, कारण बरीचशी भानगड तिथेच असते.

बारा लीडचा (लीड म्हणजे कागदावरची एकेक पट्टी) ईसीजी म्हणतात, पण वायरी दहाच. लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या पायाला आणि सहा छातीवर. छातीवरच्या पहिल्या दोन, म्हणजे व्ही-वन आणि व्ही-टू, चौथ्या फटीत लावायच्या, मधल्या हाडाच्या उजवीकडे एक आणि डावीकडे एक. फट म्हणजे दोन फासळ्यांमधली जागा. ती नुसत्या नजरेनं सापडत नाही. गळ्याखालच्या खळग्यातून बोट हाडावरून खाली आणलं की एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूला दुसरी फासळी जुळते, तिच्याखाली दुसरी फट. तिथून बोटानं मोजत तिसरी, मग चौथी. रांगेत माणसं ताटकळत असली की कोणी मोजत नाही. अंदाजाने रबरी फुगा दाबून चिकटवून देतात, आणि अंदाज चुकला की बहुतेक वेळा वरच चुकतो. व्ही-वन दुसऱ्या-तिसऱ्या फटीत बसला तर धडधाकट माणसाच्या कागदावरसुद्धा हे आरएसआर उमटतं. सडपातळ पोरांमध्ये मी हे पुष्कळदा पाहिलं आहे.

तुमच्याकडचा कागद काढून बघा. व्ही-वन आणि व्ही-टू या दोन्ही पट्ट्यांत मोठ्या टोकाच्या आधीचा जो छोटा उंचवटा असतो (पी म्हणतात त्याला), तो पूर्ण खाली वळलेला असेल तर इलेक्ट्रोड वर बसल्याचा संशय घ्यायला जागा आहे.

हाताच्या लाल-पिवळ्या वायरींची अदलाबदल झाली तर आणखी मजा. लीड वन उलटा छापतो. एका उमेदवाराला अशाच बाहेरच्या कागदावरून कोणीतरी सांगून टाकलं होतं की तुझं हृदय उजवीकडे आहे. छातीच्या सहा पट्ट्या व्यवस्थित चढत गेल्या होत्या, म्हणजे हृदय होतं तिथेच होतं. बिचारा आई-बापाला घेऊन आला होता, आईच्या हातात मंदिराचा अंगारा.

आणि ते वरचं छापील वाक्य डॉक्टर लिहीत नाहीत, मशीनमधला प्रोग्राम लिहितो. काही सुटू नये म्हणून तो जरा जास्तच ओरडतो.

पुन्हा काढायला जाल तेव्हा पोराला आधी दहा मिनिटं शांत पडू द्या. घाम पुसा, छातीवर केस असतील तर तेवढ्या जागेचे काढू द्या. आमच्याकडे उन्हाळ्यात टेबलाला खेटून कूलर चालू असतो, अर्थिंग धड नसतं, मग सगळ्या रेषेवर करवतीसारखे बारीक दात उमटतात. तसं दिसलं तर कूलर बंद करून दुसरा कागद मागा. ‘पायलट मेडिकलचा आहे, व्ही-वन मोजून लावा’ एवढं बोलायला लाजू नका. चांगला टेक्निशियन रागावत नाही. जुना कागद मात्र फाडू नका.

वावरवाला_दारव्हा

भाऊ, खर्ऱ्यानं बी ईसीजी बिघडते का? इचारून ठेवतो. पोट्टे सांगत नाईत पन खिशात पुडी असतेच.

ईसीजीवाला_मोर्शी

@वावरवाला, तंबाखूतल्या निकोटिननं नाडी आणि बीपी दोन्ही चढतात. खर्रा घोटून तोंडात ठेवून पोरं टेबलावर येऊन झोपतात, मी थुंकायला पाठवतो. नाडी शंभराच्या वर गेली की मशीन ‘सायनस टॅकिकार्डिया’ छापून मोकळं. रात्रभर जागरण आणि चार चहा असले की मधूनच एखादा जास्तीचा ठोकाही पडतो. तोही कागदावर येतो.

रुग्णसेवक_वर्धा

मी फिजिशियन आहे. कागद न बघता निदान देणार नाही, पण ताईंना रात्री झोप लागावी इतपत नक्की सांगता येईल.

ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. बारीक चौकोन एक मिलिमीटरचा, म्हणजे ०.०४ सेकंद. हृदयाचे खालचे दोन कप्पे जवळजवळ एकाच वेळी पेटतात. उजवा कप्पा किंचित उशिरा पेटला तर व्ही-वनमध्ये एक टोक, मग खड्डा, मग दुसरं टोक, असं दिसतं. तेच आरएसआर. आता हे सगळं मिळून किती रुंद आहे ते बघायचं. तीन बारीक चौकोन (०.१२ सेकंद) किंवा जास्त असेल तर त्याला पूर्ण राइट बंडल ब्रँच ब्लॉक म्हणतात. त्याहून कमी असेल तर अपूर्ण, किंवा नुसताच नॉर्मल प्रकार. तरुण, धावणाऱ्या पोरांमध्ये हा अपूर्ण प्रकार नेहमी भेटतो आणि त्याला गोळीही लागत नाही.

मग इको कशाला, असं बाबा विचारतील. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मजात छिद्र असेल तर उजव्या बाजूवर रक्ताचा ताण पडतो आणि ईसीजीवर हाच आकार दिसू शकतो. अशा माणसाला विशी-तिशीपर्यंत काहीही त्रास नसू शकतो, तो धावतोसुद्धा. स्टेथोस्कोपने नीट ऐकलं तर हृदयाचा दुसरा आवाज दुभंगलेला लागतो, आणि श्वास घेतला-सोडला तरी ती फट तेवढीच राहते. इकोत पडदा डोळ्यांनीच दिसतो. सुई नाही, दुखणं नाही. तेव्हा त्या डॉक्टरांनी इको मागितला तो अडवायला नाही मागितला, बरोबर मागितला.

पायलट मेडिकलला येणाऱ्या पोरांमध्ये घाबरवणारे पण निरुपद्रवी कागद पुष्कळ असतात. श्वासाबरोबर नाडी कमी-जास्त होणे हे तरुणपणी चांगलंच लक्षण. धावणाऱ्याची नाडी पन्नासच्या खाली असणे, वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात संदेश पोचायला (पीआर) पाच बारीक चौकोनांपेक्षा जरा जास्त लागणे, हेही चालून जातं. बारीक छातीच्या पोराच्या लहरी उंच येतात, कारण मध्ये चरबी नाही. मशीन त्या उंचीची बेरीज करून ३५ मिलिमीटर भरले की ‘लेफ्ट व्हेंट्रिक्युलर हायपरट्रॉफी’ (डावा खालचा कप्पा जाड) छापतं, आणि घरी मूल ‘हृदय मोठं झालं’ म्हणून रडत बसतं.

मी स्वतः थांबतो ते वेगळ्या ठिकाणी. पीआर तीन चौकोनांपेक्षा आखूड आणि मोठ्या टोकाच्या पायथ्याशी तिरका उतार, म्हणजे डब्ल्यूपीडब्ल्यू. जन्मापासूनची एक जास्तीची वायर असते म्हणा. एरवी गप्प असते, पण वरचे कप्पे थरथरायला लागले तर तो वेग ती थेट खाली पोचवू शकते. क्यूटी (खालचे कप्पे पेटून पुन्हा शांत व्हायला लागणारा वेळ) लांबलेला असणे. व्ही-वन-व्ही-टूमध्ये ब्रुगाडाचा (ठोके अचानक बिघडवू शकणारा जन्मजात आजार) उतरता आकार असणे. डाव्या बाजूच्या लीडमध्ये टी (मोठ्या टोकानंतरची लहर) खोल उलटा असणे, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजाराची शंका. आणि घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेलेलं असणे. ताई, आजोबांचं सत्तरीतलं जाणं यात धरू नका.

एक विनंती. स्वतःच्या मनाने टीएमटी (पट्ट्यावर पळताना काढलेला ईसीजी) करून आणू नका. हल्ली बाप लोक खात्री म्हणून पोराला पट्ट्यावर पळवतात. लक्षणं नसलेल्या १९ वर्षांच्या पोराला हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असण्याची शक्यता मुळातच नगण्य, त्यामुळे टीएमटी पॉझिटिव्ह आली तर ती खोटी असण्याचीच शक्यता जास्त. मग तो कागद धुवून काढायला सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचं स्कॅन), आणि मेडिकल सहा महिने लटकतं. मागितली तरच करा.

प्रॅक्टिकल_भाऊ

सगळे लांब भाषण करून राहिले. सोपा उपाय सांगतो. हा कागद द्यायचाच कशाला? दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या एक्झामिनरकडे जा, नवीन ईसीजी काढा, जुन्याचं नाव काढू नका. मागे काही झालं होतं का विचारलं तर ‘नो’ वर टिक. कोण बघतं?

[हा प्रतिसाद संपादकांनी उडवला आहे : फोन नंबर आणि ‘फिट सर्टिफिकेट गॅरंटी’ची जाहिरात.]

सार्जंट_अचलपूर

प्रॅक्टिकल भाऊ, मी हवाई दलात मेडिकल असिस्टंट होतो. फॉर्मवर खाली उमेदवाराची सही असते, दिलेली माहिती खरी आहे म्हणून. ईसीजी बॉर्डरलाइन असणे हा गुन्हा नाही, पण लपवणे हा आहे. आज सुटेल. पुढे कधीतरी दहा वर्षांनी कॅप्टन झाल्यावर जुना कागद वर आला तर लायसन्स, नोकरी आणि विमा तिन्ही एकदम धोक्यात. शिवाय शेजारच्या सीटवर बसणाऱ्याचा आणि मागे बसलेल्या लोकांचा काय दोष?

हे नियम उगाच कोणाला छळायला केलेले नाहीत. जून १९७२ मध्ये लंडनजवळ स्टेन्स इथे ट्रायडंट विमान उड्डाणानंतर लगेच पडलं, ११८ माणसं गेली. कॅप्टनच्या शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा गंभीर आजार निघाला. आपल्या नागपूरला ऑगस्ट २०२३ मध्ये ड्यूटीवर निघालेले एक कॅप्टन बोर्डिंग गेटपाशीच कोसळले आणि गेले, ते सगळ्यांच्या लक्षात असेल. म्हणून मेडिकलमध्ये प्रश्न असा नसतो की आज हा माणूस आजारी आहे का. प्रश्न असतो की पुढच्या वर्षभरात हा अचानक निकामी होण्याची शक्यता किती. विमान वैद्यकात ‘एक टक्क्याचा नियम’ म्हणतात तो हाच. दोन पायलटांच्या विमानात ही वार्षिक शक्यता एक टक्क्याच्या आत हवी, असा त्याचा ढोबळ अर्थ.

आणि ईसीजीवर काही निघालं म्हणजे कायमचं जमिनीवर, असंही नाही. अमेरिकेच्या पहिल्या सात अंतराळवीरांपैकी डीक स्लेटन. १९६२ मध्ये हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे (एट्रियल फिब्रिलेशन) त्यांना उड्डाणातून काढलं. १९७२ मध्ये पुन्हा फिट ठरले आणि १९७५ च्या अपोलो-सोयुझ मोहिमेत अंतराळात गेले. त्यांनी लपवलं नाही, तपासण्या देत राहिले.

प्रॅक्टिकल_भाऊ

सार्जंट साहेब, अमेरिकेचं सोडा. इथे गरिबाच्या पोराला एका कागदासाठी चार चकरा माराव्या लागतात, त्याचं काय? मोठ्या शहरातल्या पोरांना सगळं हाताशी आहे.

सार्जंट_अचलपूर

हे मात्र सोळा आणे खरं. धारणी, सिरोंच्यातल्या पोरानं इकोसाठी कुठवर जायचं? एक्झामिनर दूर, कार्डिओलॉजिस्ट त्याहून दूर, प्रत्येक खेपेला भाडं आणि बापाची मजुरी बुडते. त्यावर राग काढा, मी तुमच्यासोबत आहे. खोटी टिक मारून तो अन्याय मिटत नाही एवढंच म्हणणं.

बिरसीचा_पाहुणा

उशिरा आलो धाग्यावर. माझं ट्रेनिंग गोंदियाजवळ बिरसीला झालं, सध्या नोकरीत आहे. ताई, प्रक्रियेबद्दल थोडं.

क्लास टूवर स्टुडंट पायलट लायसन्स मिळतं, शिकायला सुरुवात होते. सीपीएलसाठी क्लास वन लागतंच. लोक फसतात ते इथे. क्लास टू झालं की फी भरतात, तास उडवायला लागतात, आणि दोनशे तास होत आले की क्लास वनला जातात. तिथे तपासणी जास्त बारीक, आणि एखादी गोष्ट निघाली तर पैसा अडकलेला. माझ्या बॅचला एकाचं असंच झालं. म्हणून दारव्ह्याचे काका म्हणतात तेच मी म्हणेन, पण आणखी एक पायरी पुढे जाऊन. क्लास वन हातात आल्याशिवाय मोठा हप्ता भरू नका. इसार तर दूरच.

क्लास वनची पहिली तपासणी डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) ठरवलेल्या केंद्रांवर होते, त्यात दिल्लीचं एएफसीएमई आणि बेंगळुरूचं आयएएम ही हवाई दलाची जुनी केंद्रं. तपासणारे डॉक्टर शिफारस करतात, शेवटचा शिक्का डीजीसीएचा. ‘टेम्पररी अनफिट’ लिहिलं तर रडायचं नाही. त्याचा अर्थ एवढाच की अमुक कागद आणा किंवा अमुक उपचार करून परत या. ‘पर्मनंट अनफिट’ आलं तरी अपील करता येतं.

दिल्लीला जाताना रात्रीच्या गाडीतून उतरून थेट केंद्रावर जाऊ नका. मी तेच केलं होतं. डब्यात झोप नाही, स्टेशनवर दोन कप चहा, आणि टेबलावर नाडी शंभराच्या वर, बीपी वर. त्यांनी बाजूला बसवून ठेवलं आणि नंतर परत घेतलं. एक दिवस आधी पोचा, नातेवाईक असतील तर उत्तम, नसतील तर साधी लॉज. मे महिन्यात आपल्याकडून जाणाऱ्यांनी पाणी भरपूर प्या. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर असताना उलट्या-जुलाब झालेला पोरगा तसाच तपासणीला गेला तर पोटॅशियम घसरलेलं असतं, त्याचा परिणाम ईसीजीवर दिसतो.

आणि हे एकदाच नाही. व्यावसायिक पायलटचं क्लास वन १२ महिन्यांचं असतं, साठीनंतर सहा महिन्यांचं. आंतरराष्ट्रीय नियमात पहिल्या क्लास वनला ईसीजी सक्तीचा, पन्नाशीनंतर दरवर्षी, आणि तीस ते पन्नासच्या मध्ये निदान दोन वर्षांतून एकदा करावा अशी शिफारस आहे. म्हणून भावाचा आजचा हा कागद पुढे कामाचा आहे. तीस वर्षांनी तोच आरएसआर दिसला तर ‘हा पहिल्यापासूनच आहे’ म्हणून दाखवता येईल. माझी फाइल मी प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये ठेवतो. थर्मल कागद उडतो हो, काही वर्षांत पांढरा होतो. झेरॉक्स आणि फोटो काढूनच ठेवा.

पैशाचं म्हणाल तर ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीमध्ये येत असाल तर नागपूरच्या महाज्योती या सरकारी संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये सीपीएल प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. नवीन जाहिरातीवर लक्ष ठेवा, मग वावराचं बघा.

तिवसा_एक्सप्रेस

माझ्या मामेभावाचा डब्ल्यूपीडब्ल्यू निघाला होता, डॉक्टरसाहेबांनी वर लिहिलं तोच. कधीतरी धडधड व्हायची, तो कोणाला सांगायचा नाही. नागपूरला मांडीतून तार घालून ती जास्तीची वायर जाळली (रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशन), दुसऱ्या दिवशी घरी. नंतरच्या ईसीजीत उतार गेला. त्याला पायलट व्हायचं नव्हतं, रेल्वेत लोको पायलटच्या मेडिकलला गेला होता! तिथेही हेच सगळे प्रश्न.

रुग्णसेवक_वर्धा

बरोबर. डब्ल्यूपीडब्ल्यू हा बहुतेकदा मुळापासून बरा होणारा प्रकार आहे. विमानाच्या मेडिकलमध्येही ॲब्लेशन यशस्वी झालं, काही काळ गेला आणि तपासण्या स्वच्छ आल्या की फिटसाठी विचार होऊ शकतो. निर्णय अर्थात डीजीसीएचा.

चांदूरची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देते.

वर्ध्याला जाऊन आलो. ईसीजीच्या खोलीत मी सोबत गेले. तिथल्या ताईंना मी मोजून लावायचं म्हणाले तर त्या हसल्या, ‘कोणी शिकवलं?’ त्यांनी खरंच बोटानं मोजत खाली आणलं. माझ्यासमोर दोन कागद काढले. व्ही-वनमध्ये दुसरं टोक बारीकसं राहिलंच, पण पहिल्या कागदाइतकं नाही. रुंदी सव्वादोन चौकोन. आणि मोर्शीच्या भाऊंनी सांगितलेला तो छोटा उंचवटा जुन्या कागदात दोन्हीकडे खाली होता, नव्यात व्ही-टूमध्ये सरळ वर आहे. इकोत पडदा शाबूत, झडपा ठीक. हृदयरोगतज्ज्ञांनी ‘नॉर्मल व्हेरिएंट, लक्षणं नाहीत, पुढील तपासणीची गरज नाही’ असं लेटरहेडवर लिहून दिलं. भावाने टीएमटी करू का विचारलं, तर ते म्हणाले, तू रोज ग्राउंडवर करतोस तेवढी पुरे.

जुना-नवा असे दोन्ही कागद एक्झामिनरकडे दिले आहेत. क्लास टूचं झालं की क्लास वनची तारीख घेणार. बाबांनी व्यापाऱ्याला सध्या नाही म्हणून सांगितलं. तो चिडला, भाव उतरेल म्हणाला. उतरू दे. भाऊ परत धावायला जातो, आणि नाडी मोजत नाही असं म्हणतो. मला तेवढा भरवसा नाही.

वावरवाला_दारव्हा

झ्याक काम केलं ताई. व्यापाऱ्याचं काय, त्याले तं दर सालीच भाव उतरतानाच दिसते.

गडचिरोली_शिक्षिका

याच धाग्यात विचारते. माझी विद्यार्थिनी बारावीला आहे, तिलाही पायलट व्हायचं आहे. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता आणि बरीच वर्षं दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेत होती. आता ठणठणीत. तिचा साधा ईसीजी नॉर्मल आला. मग हे फॉर्ममध्ये लिहावं लागेल का? ती म्हणते, ईसीजी नॉर्मल आहे तर कशाला?

रुग्णसेवक_वर्धा

लिहावंच लागेल. ते वर्णन संधिवाताच्या तापाचं वाटतं (रुमॅटिक फीव्हर). घशाच्या जंतुसंसर्गानंतर तो येतो आणि हृदयाच्या झडपांवर, विशेषतः डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेवर, डाग सोडू शकतो. झडप जराशी खराब असताना ईसीजी पूर्ण नॉर्मल असू शकतो, त्यामुळे तिच्या बाबतीत ईसीजीपेक्षा इको महत्त्वाचा. मेडिकलच्या आधीच करून घ्या. झडपा स्वच्छ असतील तर जुना इतिहास आणि नवा इको एकत्र देता येतो. खराब असतील तर पायलट होण्याआधी तिला ते स्वतःसाठी कळायला हवं. इंजेक्शनं कोणाच्या सांगण्यावरून थांबवली तेही विचारा. मनाने थांबवली असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचं इंजेक्शनचं कार्ड किंवा नोंदवही असेल, तारखांसकट त्याची प्रत घ्या.

गडचिरोली_शिक्षिका

इंजेक्शनं बहुतेक आई वारल्यावर थांबली. कार्ड आजीच्या पेटीत आहे म्हणते. सोमवारी तिला घेऊन आरोग्य केंद्रात जाते आणि इकोसाठी चिठ्ठी मागते.